टाकता न येणारे कागद

"लग्न झाल्यापासून मी अपील कोर्टाच्या वर झोपतेय," पलंगाखालून शेवटचं खोकं ओढून काढणाऱ्या मुलीकडे बघत इन्शिराह म्हणाली. "वर नवरा घोरतो आणि खाली खटले."

"आई, पाय जरा वर घे."

"घेतले. पण हे खोकं कुठलं म्हणायचं? घरचं का ऑफिसचं?"

इनायतने झाकण उघडलं. वर समन्नूदच्या कापूस गिरणीचा दावा, त्याखाली वगदीचं लहानपणीचं लस टोचल्याचं कार्ड, त्याखाली पुन्हा कापूस गिरणी आणि तळाशी एक लोकरी मोजा. एकच.

"दोन्हीचं," ती म्हणाली आणि खोकं उचलून जिन्यापलीकडे चालू लागली.

वकील अब्देल-शाफींचं घर आणि ऑफिस एकाच मजल्यावर समोरासमोर होतं. मधली दोन्ही दारं दिवसभर सताड उघडी असायची, त्यामुळे अशील मुलूखियाच्या पालेभाजीचा रस्सा ओरपून जायचे आणि पोरं अशिलांच्या खुर्च्यांवर बसून अभ्यास करायची. कागदांनीही तोच शिरस्ता पाळला. हाताला लागेल ती जागा त्यांची. मन्सूरा शहरातल्या निम्म्या भांडणांनी ह्या घरात बस्तान मांडलं होतं. न्हाणीघरातल्या टबात वारसाहक्क होता, बिघडलेल्या ओव्हनमध्ये घटस्फोट होते, आणि पाहुण्यांच्या दिवाणात सहकारी संस्थेचा एक दावा इतका ठासून भरला होता की पाहुणे आपोआप लवकर उठायचे.

मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर वकीलसाहेबांनी कोर्टात जाणं सोडलं, तेव्हा ह्या ऑफिसचं काय करायचं हा प्रश्न जेवणाच्या ताटाशी येऊन बसला. वगदीला, म्हणजे त्यांच्या मुलाला, ते आपल्या मुलासाठी, नादिरसाठी हवं होतं. पोराचा रशाशी साखरपुडा झालेला, आणि फ्लॅट नसेल तर मुलीकडचे पुढचं बोलत नाहीत. इनायतला ते स्वतःसाठी हवं होतं. घटस्फोट घेऊन ती परत आली, त्याच वर्षी तिने बापाच्या टेबलाच्या दुसऱ्या बाजूला खुर्ची टाकली. तेव्हापासून दावे ती लिहायची, कोर्टात ती उभी राहायची, जिंकायची तीच. दारावर पाटी मात्र 'अब्देल-शाफी, वकील'. नवा माणूस आला की विचारायचा, "वकीलसाहेब आहेत?" ती म्हणायची, "मीच." मग तो मान वाकडी करून तिच्या पाठीमागे कुणी आहे का ते बघायचा.

तिला दारावर स्वतःची पाटी हवी होती. ह्या वयात तिने फार कमी गोष्टी इतक्या मनापासून मागितल्या होत्या.

दोघांना एकाच दिवशी नाही म्हणणं वकीलसाहेबांच्या स्वभावात नव्हतं. म्हणून त्यांनी गेल्या शुक्रवारी निवाडा दिला. "पुढच्या शुक्रवारी संध्याकाळी मगरिबची अजान झाली की मी ऑफिसात माझ्या खुर्चीवर येऊन बसेन. चहा मागवेन. मग जी फाइल मागेन, ती चहा निवायच्या आत माझ्या हातात पडली पाहिजे. आणि कागद सगळे एका खोलीत मावले पाहिजेत. झालं, तर दारावर इनायतची पाटी. नाही झालं, तर नादिरने पडदे लावावेत."

"मान्य," वगदी लगेच म्हणाला होता. त्या घरात वाढलेल्या माणसाला ती पैज हरायची भीती नव्हती.

पण इनायतने आठवडाभर डोळ्यांत तेल घालून काम केलं. घरचे कागद हिरव्या फायलीत, ऑफिसचे निळ्या फायलीत, प्रत्येकीवर अशिलाचं नाव ठळक अक्षरात, सगळं नावांच्या क्रमाने. मागची खोली फडताळांनी भरली आणि शोभू लागली. उरले ते तिसऱ्या प्रकारचे कागद. टाकायचे. जुन्या पावत्या, पाच-पाच प्रतींतल्या चार, मेलेल्या माणसांनी मेलेल्या माणसांना पाठवलेल्या नोटिसा. त्यांची पोती पुढच्या दोन्ही खोल्यांत छातीपर्यंत आली होती. ती खाली कचऱ्याच्या गाडीत गेली की पैज जिंकली.

*

शुक्रवारची नमाज आटोपून सगळे मदतीला आले. इन्शिराहने कोबीची पानं, भाताचं सारण आणि परात ऑफिसातच मांडली, कारण महशी वळता वळता लक्ष ठेवता येतं. तिचा कल उघड वगदीकडे होता. समोर नातू, नातसून आणि पुढेमागे पणतू, ह्या स्वप्नापुढे तिला कुठलीही पाटी फिकी वाटायची. वगदीने बाह्या दुमडल्या होत्या. ताकाला जाऊन भांडं लपवायची त्याची जुनी खोड. मोजमापाची टेप पँटच्या खिशातून डोकावत होती.

"ती कशाला रे?" इनायतने विचारलं.

"कुठली? ही होय? दुकानातून तशीच आली." वगदीचं औषधाचं दुकान होतं. तिथे टेपने काय मोजतात, हे तिने विचारलं नाही.

तळमजल्यावरून बहीगा आत्या आली. वकीलसाहेबांची धाकटी बहीण, विधवा, पाच वेळची नमाजी आणि इनायतच्या बाजूची. "पोरीला संसार लाभला नाही तर निदान ऑफिस तरी करू दे," हे तिचं मत सगळ्या इमारतीला माहीत होतं. आल्या आल्या तिने विचारलं, "माझे कागद कुठे लावलेस?"

"कुठले, आत्या?"

"वरच्या गच्चीवरच्या कबुतरखान्याचा दावा. मी विरुद्ध तिसरा मजला."

"तो निळ्यात. ऑफिसच्या."

आत्याचा चेहरा पडला. "म्हणजे मी गिऱ्हाईक?"

"तसं नाही, आत्या. दावा आहे ना, म्हणून—"

"भावाने माझ्याकडून कधी छदाम घेतला नाही. मी सख्खी बहीण. आणि तू मला त्या तेलघाणीवाल्याच्या शेजारी ठेवतेस?"

"बरं. हिरव्यात ठेवते. घरच्यांत."

"हिरव्यात? म्हणजे माझा दावा हा दावा नव्हता? घरातली कुरबूर होती? न्यायाधीश काय महशी खायला आले होते?"

"बघा बुवा," वगदी हळहळला. "मी असतो तर आत्याला स्वतःचं कपाट दिलं असतं."

आत्याने त्याच्याकडे कौतुकाने पाहिलं. एका क्षणात मतं फिरतात, हे निवडणुकीत उभं राहिलेल्या माणसाला आणि एकत्र कुटुंबातल्या बाईला वेगळं शिकवावं लागत नाही. इनायतने गुपचूप एक हिरवी फाइल घेतली, तिला निळी फीत बांधली आणि सगळ्यात वरच्या फळीवर एकटी ठेवली. आत्या परत आली. मनाने थोडी, देहाने पूर्ण.

"आता ही पोती खाली न्यायची का?" इनायतने नादिरला हाक मारली.

नादिरने पोतं उचललं. वरचा एक कागद निसटून आत्याच्या पायाशी पडला. तिने तो झटकन उचलला, ओठांना लावला, कपाळाला लावला आणि मग चष्मा चढवला.

"हे टाकणार होतात?"

"लाँड्रीची पावती आहे, आत्या. मी शाळेत असतानाची."

"खाली काय लिहिलंय वाच."

इनायतने वाचलं. "'कोट गुरुवारी मिळेल, इन्शाल्ला.'"

"अल्लाचं नाव आहे. कचऱ्यात टाकतात?"

"तो कोट अजून मिळालेला नाही," परातीपलीकडून इन्शिराह म्हणाली.

नादिरने पोतं खाली ठेवलं. कारण आत्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं, आणि ते सगळ्यांना ठाऊक होतं. अल्लाचं नाव असलेला कागद पायदळी जाऊ द्यायचा नाही, खरकट्यात मिसळू द्यायचा नाही, हे त्या घरात कुणाला शिकवावं लागलं नव्हतं. रस्त्यात असा कपटा दिसला तर नादिरसुद्धा उचलून भिंतीच्या फटीत ठेवायचा. इनायतने आठवडाभर रंगांचा विचार केला, फळ्यांचा केला, फितींचा केला. ही साधी गोष्ट तिच्या डोक्यात आली नाही. तिने दुसरा कागद काढला. बिस्मिल्लाने सुरू. तिसरा, बिस्मिल्लाने. चौथा किराण्याचा, वर दुकानदाराचं नाव, अब्देल-रझ्झाक.

'अब्द' म्हणजे सेवक. पुढे अल्लाच्या नव्व्याण्णव नावांपैकी एखादं जोडलं की माणसाचं नाव तयार. मन्सूऱ्यात दगड मारावा तर तो एखाद्या सेवकालाच लागायचा. तिच्या बापाचं नाव तसं, आज्याचं तसं, अशिलांचं तसं, त्यांच्या वैऱ्यांचंही तसंच.

"जाळले तर चालतात ना, आत्या?" नादिरने विचारलं. "स्वच्छ जागी जाळले तर?"

"चालतात."

"नाव काढू नका," इन्शिराह म्हणाली. "मागे तुझ्या आजोबांनी गच्चीवर जाळले होते. एक अर्धवट जळका कागद उडाला तो थेट विरुद्ध पक्षाच्या गॅलरीत. आपला सगळा युक्तिवाद त्यांनी दोरीवरच्या कपड्यांतून वेचून वाचला. दावा गेला."

"मग रद्दीवाल्याला देऊ."

"आणि तो कुणाला विकतो? परवाच मी लब घेतल्या, भाजलेल्या बिया. पुडी उलगडली तर आत कुणाची तरी पोटगी."

इनायतने डोकं धरलं. अशिलांचे कागद भोपळ्याच्या बियांभोवती! त्यापेक्षा पडदे परवडले.

अखेर आत्यानेच तोड काढली. "नाव तेवढं कापून घ्यायचं. कपटे साखरेच्या डब्यात. ते मी मशिदीत देईन, तिथे नीट पुरतात. उरलेल्या कागदाचे मग फाडून तुकडे करा नाहीतर पिसं करा. तो नुसता कागद."

कात्र्या निघाल्या. इन्शिराहची शिवणाची, वगदीच्या दुकानातली पट्ट्या कापायची, कोंबडी साफ करायचीही एक निघाली, पण आत्याने ती नाकारली.

*

पहिला तास बरा गेला. मग वगदीला भक्तीचा उमाळा आला.

"आत्या, एक शंका आहे. 'नूर'सुद्धा अल्लाचं नाव ना?"

"अर्थात."

"म्हणजे 'नूर लाँड्री'तलं नूरही कापायला हवं."

आत्या विचारात पडली. "कापलेलं बरं."

"आणि 'सलाम'? तेही नावच. म्हणजे अस्सलामु अलैकुमने सुरू होणारी सगळी पत्रं."

"वगदी," इनायत दात-ओठ खात म्हणाली, "तू ह्या रमजानात किती रोजे धरलेस?"

"ताई, धर्माच्या कामात मागचं काढू नये. आत्या, आणि 'अद्ल'? न्याय? नव्व्याण्णवांत आहे ना?"

आत्याची कात्री हवेत थांबली. "आहे."

"म्हणजे बघ. न्याय खात्याच्या प्रत्येक कागदाच्या डोक्यावर 'अद्ल' छापलेलं असतं." त्याने पोत्यांच्या भिंतीवरून हात फिरवला. "आणि हे सगळे कागद कोर्टाचे."

आत्याने एक लांब श्वास घेतला, बाह्या मागे सारल्या आणि कामाला भिडली. ती खरोखर श्रद्धाळू होती, तिला फसवणं पाप होतं, आणि वगदी ते पाप आनंदाने करत होता. इनायतला त्याचा इतका राग आला की तिथे थांबली असती तर कोंबडीची कात्री उपयोगी पडली असती. म्हणून ती नादिरला घेऊन मागच्या खोलीत फडताळं भिंतीला ठोकायला गेली.

"आत्या," खिळा धरून नादिर म्हणाला. तिला तो आत्या म्हणायचा, आणि बहीगाला मोठी आत्या. "तुला एक सांगू? बाबांना सांगू नकोस."

"सांग."

"रशाला हा फ्लॅट नकोय. म्हणते, तुझी आजी समोरून बघेल मी किती वाजता उठते."

"बघेलच. मग तू बोलत का नाहीस?"

"बाबांच्या पुढे?"

"आणि रशाची आई?"

"तिला हवाय. संध्याकाळी येणार आहे पडद्यांचं माप घ्यायला."

इनायतने हातोडी जोरात मारली. खिळा वाकला. म्हणजे ज्याच्यासाठी हे सगळं चाललंय त्यालाच ते नको, आणि तो मात्र अळीमिळी गुपचिळी. त्याला दोन शब्द सुनवावेसे वाटले. पण ती स्वतः ह्याच वयात बापापुढे तोंड न उघडता एका माणसाशी लग्न करून बसली होती. तिने दुसरा खिळा घेतला.

खिळे-हातोडीच्या त्या आवाजात तिला पुढच्या खोलीतलं काही ऐकू आलं नाही. वगदी तीन-चारदा मागच्या पॅसेजात आला. फडताळं ठोकायची म्हणून बाहेर काढलेल्या निळ्या फायलींच्या चळती तिथे भिंतीशी होत्या. त्याने एक उचलली आणि आत्यापुढे ठेवली. "ह्या पण, आत्या. ह्या पण टाकायच्यात." मग आणखी एक चळत, मग उरलेल्या सगळ्या. काम संपू नये, एवढाच त्याचा हेतू होता. ह्यापलीकडे दूरचा विचार त्याने आयुष्यात केला नव्हता.

*

मादाम शहीरा अजानीच्या आधीच येऊन ठेपली. रशाची आई, हातात बसबूसा मिठाईचं खोकं आणि गळ्यात शिंप्यासारखी फीत. तिला बसायला जागा नव्हती म्हणून पोत्यावर बसवलं. तिला रिकामं बसवत नव्हतं म्हणून आत्याने तिच्या हातात कात्री दिली.

"काय कापायचंय?"

आत्याने समजावलं. मादाम शहीरा भल्या घरची बाई. तिला ते लगेच पटलं. तिने समोरची निळी फाइल उघडली आणि भुवया वर केल्या. "ह्यातलं तर झालेलं दिसतंय. पण हे आहे कोण? 'अब्देल', पुढे भोक. विरुद्ध 'अब्देल', पुढे भोक."

इनायत दारात उभी होती. तिच्या हातातली हातोडी खाली गेली.

तिने ती फाइल ओढून घेतली. मग खालची. मग चळतच्या चळत. आठवडाभर तिने ठळक अक्षरांत लिहिलेलं प्रत्येक नाव चौकोनी खिडकी होऊन बसलं होतं. अब्देल-भोक, अब्देल-भोक, अब्देल-भोक. आतल्या पानांवरही तेच. चालू दावे, परवाच्या तारखेचे, पुढच्या महिन्याचे. मूळ कागद कोर्टात होते, दावे बुडणार नव्हते. पण क्रम लावायला आता नावंच उरली नव्हती. मन्सूऱ्यातले सगळे सेवक धन्याविना एका ढिगात पडले होते.

"ह्या निळ्या होत्या, आत्या," ती म्हणाली. तिचा आवाज तिलाच ओळखू आला नाही.

आत्याने चष्मा काढून पुसला, परत घातला आणि फाइल डोळ्यांशी नेली. "वगदी म्हणाला..." आणि तिने वगदीकडे बघितलं. त्या बाईला राग यायला वेळ लागायचा. आला की मात्र जिना उतरून तळमजल्यापर्यंत ऐकू यायचा. "अल्लाचं नाव घेऊन माझ्याशी खोटं बोललास? माझ्या ह्या हातांनी हे करवलंस?"

"चूक झाली. रंगच असा आहे, संध्याकाळी निळा नि काळा—"

"औषधं तरी बघून देतोस ना दुकानात?" इन्शिराह म्हणाली. तिने परात बाजूला सारली. पणतवंडांची स्वप्नं एकीकडे. पण आठवडाभर पोरगी न्हाणीघरातल्या टबात बसून कागद उपसत होती, ते तिने बघितलं होतं. "लाज नाही वाटत? बहीण आहे ती तुझी."

तेवढ्यात मगरिबची अजान सुरू झाली. अजान संपली, नमाजा झाल्या, आणि समोरच्या दारातून वकीलसाहेब काठी टेकत आले. नवा चष्मा, इस्त्रीचा शर्ट. ते आपल्या खुर्चीवर बसले, पोत्यांकडे बघितलं, साखरेच्या डब्याकडे बघितलं, मादाम शहीराला आदराने मान लववली आणि म्हणाले, "चहा."

"बाबा, आज नको," इनायत म्हणाली. "नावं गेलीत."

"कुठे गेली?"

"साखरेच्या डब्यात."

त्यांनी सगळी हकिगत ऐकून घेतली. हसले नाहीत, पण मिशी हलली. "ठरलं ते ठरलं," ते म्हणाले. "चहा आणा. पुदिना घालून. आणि मला अब्देल-सबूरची फाइल हवी. तेलघाणीवाला."

वगदीने डोळे मिटले. जिंकलेला माणूस मिटतो तसे.

इनायत ढिगापाशी गुडघ्यांवर बसली. रडू आलं होतं, ते तिने मागे ढकललं. सगळ्या फायली सारख्या, सगळ्या अब्देल. तिने हात फिरवला, एक बाजूला केली, दुसरी केली, तिसरी उघडून नाकाशी नेली आणि उठून बापाच्या हातात दिली.

"कशावरून?" वकीलसाहेबांनी विचारलं.

"कागद चौपदरी घडी घालून खिशात आणतो. आणि तेलाचा वास."

त्यांनी पान उलटलं, नव्या डोळ्यांनी वाचलं, मान हलवली. "अब्देल-बारी. टॅक्सीचा अपघात."

"तो नेहमी स्वतःच्या बुटाच्या नाडीने कागद बांधायचा." फाइल हातात पडली. तिला स्वतःलाच आश्चर्य वाटत होतं. नावांच्या क्रमाने लावायला आठवडा गेला होता; आणि ही माणसं तर केव्हाची तिच्या डोक्यात आपापल्या जागी बसलेली होती, कुणी चिडलेली, कुणी खोकणारी, कुणी फी द्यायच्या दिवशी आजारी पडणारी.

"ती बाई," वकीलसाहेब म्हणाले. आता त्यांना मजा येऊ लागली होती. "दर तारखेला रडायची ती."

"कुठली? रडता रडता नवऱ्याला शिव्या द्यायची ती, का नुसती रडायची ती?"

"शिव्या द्यायची ती."

"ही घ्या. आणि ही नुसती रडायची तिची, लागलीच तर."

चहाचा पहिला घोट त्यांनी तेव्हा घेतला आणि जीभ भाजली. मादाम शहीरा टाळी वाजवणार होती. मग आपण कुठल्या पक्षाच्या आहोत ते तिच्या ध्यानात आलं आणि तिने हात मांडीवर ठेवले.

"आजोबा," नादिर एकदम म्हणाला, "मला हा फ्लॅट नकोय." तो बापाकडे बघत नव्हता, सासूकडेही नव्हता. "रशालाही नकोय. आम्ही बाहेर बघू. भाड्याने."

"भाड्याने?" मादाम शहीराने गळ्यातली फीत ओढली.

"पोराला तोंड फुटलं," इन्शिराह म्हणाली, आणि तिला वाईट वाटलं की बरं, ते कुणाला कळलं नाही.

वकीलसाहेबांनी हात वर केला. "फ्लॅटचा प्रश्न वेगळा, पैज वेगळी. अजून चहा गरम आहे." ते खुर्चीतल्या खुर्चीत वाकले, ढिगाच्या तळातून एक पातळ, जुनी फाइल त्यांनी ओढली आणि न बघताच पुढे केली. "ही कुणाची?"

इनायतने ती उघडली.

पहिल्या पानावर वादीचं नाव होतं. इनायत अब्देल, पुढे भोक. विरुद्ध अब्देल, पुढे भोक. बापाचं नाव कापलं गेलं होतं, नवऱ्याचंही. 'इनायत' तेवढं अखंड राहिलं होतं. त्यात कापण्यासारखं काही नव्हतं.

तिचा हात थांबला तेव्हा खोलीत काय झालंय ते इन्शिराहला आधी कळलं, मग आत्याला, मग वगदीला. त्यानेसुद्धा मान खाली घातली. तो दावा बाबांनी स्वतः चालवला होता. आपण ज्याला ताटाशी बसवून जेवू घातलं, त्या जावयाविरुद्ध ते काळा डगला घालून उभे राहिले होते. दिवसभर तिला 'माझी अशील' म्हणाले, एकदाही 'माझी मुलगी' म्हणाले नाहीत, आणि निकाल लागल्यावर बाहेर येऊन कोर्टाच्या पायरीवर बसून ढसाढसा रडले. तिने तेव्हा त्यांचा डगला धरला होता.

वकीलसाहेबांना आता कळलं आपल्या हातून कुठली फाइल निघाली ते. त्यांनी ती परत घ्यायला हात पुढे केला. "राहू दे. दुसरी विचारतो."

"नको," इनायत म्हणाली. "ठरलं ते ठरलं." तिने पान नीट वाचलं, वरपासून खालपर्यंत. पूर्वी ते तिला शेवटपर्यंत वाचवायचं नाही. आज नुसतं एक जुनं, वाईट टाइप केलेलं पान होतं. "वादी ओळखीची आहे, बाबा. चांगली ओळखीची. प्रतिवादी कोण, ते काही आठवत नाही."

"आठवत नाही!" वगदी सवयीने ओरडला. "म्हणजे हरली!"

"वगदी," वकीलसाहेब म्हणाले, "खिशातल्या त्या टेपने दारावरच्या माझ्या पाटीचं माप घे आणि ती उतरव. नवी तेवढीच लांब करायची, एक बोटही कमी नाही." मग त्यांनी चष्मा काढला आणि बराच वेळ शर्टाच्या टोकाने पुसत राहिले. "ही कुठे लावतेस? हिरव्यात का निळ्यात?"

इनायतने फाइल मिटली आणि जवळच्या पोत्याचं तोंड उघडलं.

"थांब," बहीगा आत्या म्हणाली. तिने फाइल घेतली, एकेक पान दिव्यापुढे धरलं, एकेका भोकातून आरपार बघितलं आणि मग ती भाचीच्या हातात परत दिली.

"ह्यात काही राहिलेलं नाही," ती म्हणाली. "टाक."